व्हिडिओ एडिटिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू? (हातात आजोबांच्या गुऱ्हाळाचं ४० जीबी फुटेज आहे)

चिपाड_चुलवाण
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, कोल्हापूरजवळच्या गावातली. आमच्या आजोबांचं गुऱ्हाळ आहे, आणि ह्या हंगामानंतर ते बंद करायचं ठरलंय. म्हणून दिवाळीनंतर मी सुट्टीत रोज तिथं जाऊन फोनवर शूटिंग केलं. घाणा, काहील (रस आटवायची मोठी कढई), चुलवाणात (तिच्याखालच्या चुलीत) चिपाड घालणारे मामा, पाक बघणारा गुळव्या, वाफ्यात ओतलेला गूळ, रवे, सगळं. शिवाय आजोबांशी तीन-चार वेळा बसून गप्पा मारल्या त्या पण आहेत. मिळून ४० जीबी, म्हणजे जवळजवळ पाच तास.
कॉलेजात फेब्रुवारीत लघुपट स्पर्धा आहे, ५ मिनिटांची मर्यादा. पाच तासांचे पाच मिनिटं करायचे आणि मला एडिटिंगमधलं ओ की ठो कळत नाही. लॅपटॉप दादाचा जुना आहे, आय-५, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. शहरात एका क्लासची चौकशी केली तर तीन महिन्यांचे १८ हजार सांगितले, तेवढे घरी मागायचं जिवावर येतं.
तर प्रश्न: कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? क्लास लावू का? आणि मुळात पहिल्या दिवशी बसून करायचं काय?

फेड_आऊट
दाविंची रिझॉल्व्ह. फुकट आहे, वॉटरमार्क येत नाही (पैसेवाल्या आवृत्तीतला एखादा इफेक्ट लावलास तरच येतो), आणि सिनेमावाले वापरतात तेच आहे. एकदाच शीक, जन्मभर पुरेल.

व्हीएन_वाला
८ जीबी रॅमवर रिझॉल्व्ह? लॅपटॉपचा पंखा गुऱ्हाळाच्या इंजिनासारखा आवाज करेल :) शूटिंग फोनवर केलंयस ना, मग एडिट पण फोनवरच कर. व्हीएन फुकट आहे, काइनमास्टर फुकट वापरलं तर त्याचा शिक्का येतो. मी कॉलेजच्या गॅदरिंगचे सगळे व्हिडिओ फोनवर केलेत, कुणाला कळलं पण नाही.

पायरी_आंबा
धाग्याचं गुऱ्हाळ व्हायच्या आत काकवीची बाटली बुक करून ठेवतो. बाकी विषयात गती नाही, पण वाचतोय. मस्त विषय.

रशेस_काका
चिपाड_चुलवाण, तुमचा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही म्हणून लिहितो. मी सांगलीत लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी एडिट करायचो, १९९१ पासून. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. दोन व्हीसीआर, एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. एकात प्ले, दुसऱ्यात रेकॉर्ड, आणि मधे मिक्सर. ज्या क्रमानं लावाल त्याच क्रमानं ते कॅसेटवर बसणार. समजा दीड तासाचं लग्न झालं आणि मुलीचे वडील म्हणाले की अहो हळदीत आमच्या आत्याबाई राहिल्या, तर हळदीपासून पुढचं सगळं पुन्हा करायचं. नाहीतर त्या कॉपीवरून अजून एक कॉपी काढायची, म्हणजे चित्र अजून पुसट.
त्यामुळं आम्हाला एक सवय लागली. मशीनला हात लावायच्या आधी सगळ्या कॅसेटी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायच्या. फॉरवर्ड न करता. शेजारी वही. वहीत तीन रकाने: कॅसेट नंबर आणि वेळ, काय दिसतंय, काय ऐकू येतंय. चौथा रकाना मी माझ्यापुरता पाडायचो, त्यात फक्त एक फुली. बघताना जिथं अंगावर काही आलं, हसू आलं, डोळे भरले, तिथं फुली. एडिटला बसलो की आधी फुल्या गोळा करायच्या.
तुम्ही पण हेच करा. पाच तास आहेत, रोज एक तास बघा. आठवडा जाईल, पण त्या आठवड्यात तुम्ही जे शिकाल ते कुठल्या क्लासला मिळणार नाही. सॉफ्टवेअरची घाई करू नका, ते चार दिवसांत येतं.

नाचणी
रशेस_काकांना +१००. चौथा रकाना फार आवडला. वाचनखूण साठवली.

फेड_आऊट
काका, आदर आहेच, पण थोडा असहमत. नवीन माणूस पाच तास नुसतं बघत बसला तर कंटाळून सोडून देतो. माझं मत: पहिल्याच दिवशी दहा क्लिप घे, टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमधली क्लिप ओळीनं लावायची पट्टी) टाक, काप, जोड, एक मिनिटाचं काहीतरी बाहेर काढ. कितीही वाईट झालं तरी चालेल. स्वतः केलेलं एक मिनिट पडद्यावर दिसलं की हुरूप येतो, मग वही कर.

रशेस_काका
ते पण बरोबर आहे. एक मिनिट करा, मग वही करा. पण वही टाळू नका एवढंच.

पेंग्विन_पुणेकर
मोफत आणि हलकं हवं असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर, विंडोजवर पण चालतात. (लिनक्सवर असाल तर रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत फोनच्या एच.२६४ (फोन व्हिडिओ दाबून साठवतो तो प्रकार) क्लिप उघडतच नाहीत, मी स्वतः एक अख्खी रात्र घालवली आहे त्यात.)
पण सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, ८ जीबी रॅमसाठी एक शब्द पाठ करा: प्रॉक्सी. फोनचं फुटेज खूप दाबून साठवलेलं असतं. प्रत्येक फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) पूर्ण नसते, मधल्या बऱ्याच फ्रेममधे फक्त आधीच्यापेक्षा काय बदललं तेवढंच असतं. बघायला काही अडचण नाही, पण एडिट करताना तुम्ही मधेच कुठंतरी उडी मारता तेव्हा बिचाऱ्या लॅपटॉपला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून हिशोब करत यावं लागतं, म्हणून तो अडकतो. प्रॉक्सी म्हणजे प्रत्येक क्लिपची एक छोटी, हलकी नक्कल. तुम्ही नकलेवर कापाकापी करता, शेवटी व्हिडिओ बाहेर काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ फाईल घेतं. दर्जा कमी होत नाही. केडेनलाइव्हमधे सेटिंगमधे प्रॉक्सीची खूण केली की झालं, रिझॉल्व्हमधे पण सोय आहे. रात्री लावून झोपा, सकाळी तयार.

व्हीएन_वाला
हे माहीत नव्हतं. म्हणून माझ्या मित्राचा लॅपटॉप हँग होतो होय. त्याला पाठवतो.

सातपुड्याची_सावली
क्लासबद्दल लिहिते. मी असाच एक क्लास केला होता, नाव घेत नाही. तीन महिन्यांतला पहिला महिना मेनूमधलं कुठलं बटण कुठं आहे, दुसरा महिना तयार टेम्पलेटमधे नाव बदलणे, तिसऱ्या महिन्यात कलर. 'हा शॉट इथं का कापला' असा प्रश्न एकदाही झाला नाही. आणि कोर्स संपल्यावर सहा महिन्यांत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, अर्धी बटणं हलली.
सगळे क्लास वाईट असतात असं म्हणणं नाही. पुण्याची एफटीआयआय (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) अधूनमधून छोट्या मुदतीचे कोर्स घेते, ते नीट असतात. पण १८ हजार देण्याआधी एक करा: क्लासवाल्यांना विचारा की विद्यार्थ्यानं केलेला एडिट सगळ्यांसमोर लावून त्यावर चर्चा होते का. होत असेल तर विचार करा. नसेल तर त्या पैशात एक बरा कॉलर माइक आणि बाहेरची हार्ड डिस्क घ्या, तरी बरेच उरतील.

चिपाड_चुलवाण
सगळ्यांचे आभार. क्लास रद्द :) केडेनलाइव्ह टाकलं, प्रॉक्सी रात्रभर लावल्या, आता अडकत नाही. फेड_आऊट दादांनी सांगितलं तसं एक मिनिटाचं केलं, घाण्यात ऊस जातो ते रस पडेपर्यंत. आईला दाखवलं तर आई म्हणाली छान आहे पण रस कुठं पडतो ते दिसेपर्यंत तू दुसरीकडंच गेलीस. मग ते दोन सेकंद वाढवलं.
वही सुरू केलीय. दोन तासांचं फुटेज बघून झालं, अकरा फुल्या.
आता अडचण. आजोबांची एक मुलाखत २२ मिनिटांची एकसलग आहे. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात. शेवटी शेवटी आवाज साधारण सेकंदभर उशिरा येतो. फोनमधे बघितलं तर बरोबर दिसतं, केडेनलाइव्हमधेच बिघडतं. मी काही हलवलं नाही. काय झालं असेल?

पेंग्विन_पुणेकर
ओळखीचा आजार आहे. फोनचा फ्रेम रेट बदलता असतो. तुम्हाला वाटतं ३० फ्रेम सेकंदाला, पण अंधार झाला, फोन तापला की फोन गुपचूप २९, २८ करतो आणि उजेड आला की परत ३०. फोनचा प्लेअर हे समजून चालवतो, पण एडिटिंग सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम एका मापाच्या आहेत असं धरून चालतं, आणि आवाज आपला घड्याळाप्रमाणे चालतो. २२ मिनिटं म्हणजे १३२० सेकंद, त्यात हजारात एक इतका जरी फरक पडला तरी १.३ सेकंदाची तफावत होते. तुमचा सेकंद तिथला.
मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल टाका, फ्रेम रेट मोडपुढे व्हेरिएबल लिहिलेलं दिसेल. मग हँडब्रेक (हे पण मोफत) घ्या, त्यात व्हिडिओच्या टॅबमधे कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडा, ३० टाका, क्वालिटी जरा चढी ठेवा आणि नवी फाईल काढा. ती आत घ्या. जुनी फाईल पुसू नका.

चिपाड_चुलवाण
झालं!!! २२ मिनिटांच्या शेवटी आजोबा 'बस आता' म्हणतात ते ओठांवर बरोबर बसलं. व्हेरिएबलच होतं. मुलाखत संध्याकाळी घेतली होती, उजेड जात होता.

लेन्स_आणि_लोणचं
पुढच्या वेळेसाठी दोन गोष्टी. फोनच्या प्रो मोडमधे फ्रेम रेट आणि शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा ते) पक्कं करता येतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पडद्यावर ते सरकणारे काळे पट्टे येत नाहीत. दुसरं, लांब मुलाखत एकसलग घेऊ नका, दहा मिनिटांनी थांबवून परत सुरू करा.

मांडव_मिक्सिंग
रशेस_काकांचं वाचून बरं वाटलं. मी सध्या लग्नाचेच व्हिडिओ करतो, लातूरला. इथं अजून कुणी म्हणालं नाही पण म्हणणार हे माहितीय, म्हणून आधीच सांगतो, लग्नाच्या व्हिडिओतल्या बदामाला आणि फुलांच्या ट्रान्झिशनला (एका शॉटवरून दुसऱ्यावर जातानाच्या सजावटीला) नावं ठेवू नका. ज्यांच्या घरचं लग्न आहे त्यांना ते हवं असतं, त्यात त्यांचा आनंद आहे, आणि त्यावर आमच्यासारख्यांची चूल पेटते. मी पाच वर्षांत जे शिकलो ते रात्री तीनला सप्तपदीला गाणं बसवताना शिकलो.
पण तुझ्या आजोबांच्या फिल्ममधे ट्रान्झिशन घालू नकोस हे मीच सांगतो. तिथं साधा कट बरा. एक युक्ती: हालचालीवर काप. गुळव्या पाकात हात घालतो ना, तो हात खाली जायला लागला की लांबचा शॉट काप आणि जवळच्या शॉटमधे तोच हात अर्ध्या वाटेवरून पुढं जाऊ दे. बघणाऱ्याचा डोळा हाताबरोबर जातो, कट दिसतच नाही.

चिपाड_चुलवाण
दादा, हात थेट पाकात नाही घालत. आधी बोटं थंड पाण्यात बुडवतो, मग पाकातून थोडंसं उचलून परत पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी करून बघतो. गोळी कशी वळते त्यावर काहील कधी उतरवायची ते ठरतं. तिथं घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. माझ्याकडं तो शॉट लांबून तीन वेळा आणि जवळून एकदा आहे, चारही वेगवेगळ्या दिवसांचे. चालेल का? एका दिवशी त्याचा शर्ट निळा आहे.

मांडव_मिक्सिंग
जवळच्यात शर्ट दिसतो का? नुसती बोटं आणि वाटी दिसत असेल तर खुशाल जोड. मी दोन वेगळ्या लग्नांतले अक्षता टाकणारे हात जोडलेत (एकाच घरातली दोन लग्नं होती, परवानगीनं!).

पायरी_आंबा
ही गोळीची माहिती मला एडिटिंगपेक्षा जास्त आवडली. चालू द्या.

जुनी_रीळ
अवांतर, पण ह्या धाग्यावर शोभेल. एडिटिंग म्हटलं की सगळ्यांना परदेशी नावं आठवतात. आपल्याकडं दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली होती, आजची मुलं ज्याला टाइमलॅप्स म्हणतात तेच. आणि घरात फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं, जोडकाम, हे सरस्वतीबाई फाळके शिकल्या होत्या. दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून. आपल्या सिनेमाच्या कापाजोडीची सुरुवात मराठी घरातल्या बाईच्या हातून झाली हे चिपाड_चुलवाणनं लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

नाचणी
हे शाळेत का नाही शिकवत?

गोंयकार_शणै
आमच्या पणजीत २००४ पासून इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) भरतो, मी विद्यार्थी असल्यापासून जातोय. तिथं एक सवय लावून घेतली, ती सांगतो. एखादा प्रसंग आवडला की घरी आल्यावर तसला प्रसंग कुठल्याही सिनेमात शोधायचा आणि आवाज बंद करून बघायचा, प्रत्येक कटला टेबलावर बोट आपटायचं. मग उलट, डोळे मिटून फक्त आवाज ऐकायचा. दुसऱ्या वेळी कळतं की चित्र बदलायच्या आधीच पुढच्या जागेचा आवाज आलेला असतो. ह्याला जे-कट म्हणतात. चित्र बदललं तरी आधीच्याचा आवाज चालू राहिला तर एल-कट. टाइमलाइनवर त्यांचा आकार त्या इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो म्हणून ही नावं.
आजोबा बोलताना सगळा वेळ आजोबांचाच चेहरा ठेवू नका. आवाज त्यांचा राहू दे, चित्र काहिलीवर जाऊ दे.

सातपुड्याची_सावली
ह्याला जोडून आवाजाचं अजून थोडं. चित्र जरा हललेलं, जरा अंधारं असलं तरी लोक बघतात. आवाज फुटला की बंद करतात. बोलण्याचा आवाज मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे खेळू दे, शून्याला टेकला की फुटतो आणि फुटलेला परत नीट होत नाही. आणि गुऱ्हाळ अजून चालू आहे तोवर परत एकदा जा, कुणी बोलत नसताना तिथला नुसता आवाज पाच मिनिटं रेकॉर्ड कर. काहिलीपाशी वेगळा, घाण्यापाशी वेगळा, आजोबा जिथं बसले होते त्या खोलीत पण. बोलणं जिथं जिथं कापशील तिथं एकदम शांतता होते आणि ती कानाला खड्ड्यासारखी लागते, त्या खड्ड्यात हा आवाज भरायचा.

चिपाड_चुलवाण
उद्याच जाते.
आणि एक विचारायचंय, हे एडिटिंगचंच आहे पण बटणाचं नाही. आजोबांचं एक वाक्य आहे. ते म्हणतात, 'त्यावेळचे दिवस लई चांगले होते, सगळं गाव गुऱ्हाळावर असायचं, पण चुलवाणापाशी काम करणाऱ्यांचे हाल आम्ही बघितले नाहीत, बघायला पाहिजे होते.' मी फिल्म 'सगळं गाव गुऱ्हाळावर असायचं' इथं संपवली होती. खूप छान शेवट होतो, मागं वाफ आहे, पोरं गरम गूळ खातायत. काल परत बघितलं आणि मला कसंतरी झालं.

फेड_आऊट
पाच मिनिटंच आहेत. सगळं कुणालाच ठेवता येत नाही. तो शेवट जर भिडत असेल तर ठेव, बाकीचं मोठ्या फिल्ममधे घे.

बातमीदार_बाई
मी अठरा वर्षं बातम्यांत आहे आणि फेड_आऊटशी इथं मी अजिबात सहमत नाही. वेळ कमी म्हणून वाक्य सोडणं वेगळं आणि 'पण'च्या आधी कापणं वेगळं. पहिल्यात आपण कमी सांगतो. दुसऱ्यात आपण त्या माणसाच्या तोंडी जे त्यानं म्हटलं नाही ते घालतो. आजोबा आठवणीत रमले नव्हते, ते स्वतःबद्दल काहीतरी कबूल करत होते, आणि तेही नातीसमोर. ८० वर्षांच्या माणसाला ते बोलायला किती वेळ लागला असेल. ते कापलं तर आजोबांना ते वाक्य परत गिळायला लावल्यासारखं होईल.
शंभर वर्षांपूर्वी रशियात कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकानं एकाच नटाचा एकच कोरा चेहरा घेतला. एकदा त्याच्या शेजारी सूपचा वाडगा लावला, एकदा शवपेटीतलं मूल, एकदा एक स्त्री. बघणाऱ्यांना वाटलं नटानं भूक, दुःख, इच्छा काय सुरेख दाखवली. चेहरा तोच होता. शेजारी काय ठेवतो त्यावर माणसाचा अर्थ बदलतो, एवढी ताकद तुझ्या हातात आहे. म्हणून 'पण'ला जप.

फेड_आऊट
बातमीदार_बाई, पटलं. माझं मत मागे घेतो. मी फक्त शेवट कसा दिसेल ह्याचाच विचार केला.

रशेस_काका
चिपाड_चुलवाण, वहीत त्या वाक्यापुढं फुली आहे का?

चिपाड_चुलवाण
दोन आहेत काका.

रशेस_काका
मग झालं की.

मुक्ता_फॉन्ट
मधेच घुसतो. श्रेयनामावली आणि सबटायटल मराठीत करणार असाल तर आधीच तपासा. काही सॉफ्टवेअरमधे जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसते, 'गुऱ्हाळ'मधला ऱ्ह तर हमखास मोडतो. प्रीमिअर ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमधे असं झालं तर सेटिंगमधे जाऊन टेक्स्ट इंजिन साउथ एशियन करावं लागतं. युनिकोड फॉन्टच वापरा, मुक्ता किंवा बालू, मुंबईच्या एक टाइपनं केलेले आहेत आणि मोफत आहेत. कुठंच जमलं नाही तर इंकस्केपमधे (चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर) नाव लिहून पारदर्शक पीएनजी काढा आणि चित्र म्हणून वर ठेवा.

पेंग्विन_पुणेकर
आणि मागं सिनेमातलं गाणं लावू नका, यूट्यूबवर टाकलं की लगेच हक्काचा दावा येतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत आहे. तुमच्याकडं मात्र काहिलीचा आवाज आहे, मला नाही वाटत संगीत लागेल. बाहेर काढताना एमपी४, एच.२६४, १०८०पी, १० ते १५ एमबीपीएस पुरे. स्पर्धावाल्यांना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो पिळून काढतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्ह द्या. आणि प्रोजेक्टची फाईल म्हणजे व्हिडिओ नव्हे हे लक्षात ठेवा, ती नुसती यादी असते. फोल्डर हलवलं की सगळ्या क्लिप हरवतात.

सातपुड्याची_सावली
दोन ठिकाणी कॉपी ठेव गं. आजोबांचा आवाज परत मिळत नाही.

व्हीएन_वाला
मूळ प्रश्न होता कुठलं सॉफ्टवेअर :) इतकं वाचून मी पण लॅपटॉपवर केडेनलाइव्ह टाकलंय. फोनवर पाच तासांची वही जमली नसती हे मान्य.

चिपाड_चुलवाण
उशिरा येतेय, परीक्षा होती.
आवाज घेऊन आले. आता फिल्म अशी सुरू होते: चार सेकंद काळा पडदा, फक्त काहिलीचा रटरट आवाज, आणि गुळव्याचा, 'अजून नाही... अजून नाही... हां, धरा.' मग चित्र. 'पण' आहे. पूर्ण वाक्य आहे, त्यावर चित्र आजोबांचंच ठेवलंय, कुठंही गेले नाही. वाक्य संपल्यावर ते खाली बघतात तेवढे सहा सेकंद पण ठेवलेत. त्यानंतर चुलवाणात चिपाड घालणाऱ्या मामांचे हात, आणि मग नावं. त्यांचं नाव पहिलं.
आजोबांना लॅपटॉपवर दाखवली. मला वाटलं त्या वाक्यापाशी काही बोलतील. काही बोलले नाहीत, चष्मा पुसला. मग म्हणाले, 'काहील उतरवताना तू लई घाई केलीस. चार माणसं लागतात त्याला, जीव मुठीत धरून उतरवतात. तुझ्यात ती भाजीची कढई असल्यागत उतरली.' बघितलं तर तो शॉट मी चार सेकंदांचा केला होता. आता अकरा केलाय. जोर लावताना माणसं थांबतात, श्वास घेतात, परत धरतात, ते आता दिसतं.
त्यामुळं लांबी झाली ५ मिनिटं ७ सेकंद. सात सेकंद कुठून तरी काढायला पाहिजेत. उसाची गाडी ओढत बैल धुक्यातून येतात तो शॉट बरोबर सात सेकंदांचा आहे आणि तोच माझ्याकडचा सगळ्यात देखणा शॉट आहे. तो काढला तर बाकी काहीच अडत नाही.

मांडव_मिक्सिंग
अडत नाही ना? मग काढ. दुखेल.

रशेस_काका
काढा, पण पुसू नका.

चिपाड_चुलवाण
काढला. पुसला नाही काका, वेगळं फोल्डर केलंय, 'आजोबा बाकी' नावाचं. साडेचार तास आहेत त्यात अजून.